कलाबाईची डिस्क

“सर, फिरून राहिली का जी?”

अल्काताईंनी तिसऱ्यांदा विचारलं. टेबलापलीकडच्या बाकावर त्या मांडीवर जामांची, म्हणजे पेरूंची, पिशवी घेऊन बसल्या होत्या. लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे त्यांना दिसत होता तो फक्त माझा चेहरा.

“फिरते ना. थांबा थोडं,” मी म्हणालो. डिस्क ढिम्म होती.

ती भोजराजच्या जुन्या डेस्कटॉपची. भोजराज म्हणजे अल्काताईंचा नवरा, ग्रामपंचायतीत शिपाई आणि पंधरा वर्षांपूर्वी माझ्या क्लासचा विद्यार्थी. आपल्या आईची, कलाबाईची, रोवण्याची म्हणजे भातलावणीची चौदा गाणी त्याने घरीच कॉम्प्युटरवर भरून ठेवली होती. अर्जुनीजवळच्या प्रतापगडाकडच्या गावांत कलाबाई भाताच्या बांधीत उतरून गायला लागली की बायांना कंबर दुखल्याचं संध्याकाळीच कळायचं, असं म्हणत. आधी कलाबाई गेली, मग तीन वर्षांपूर्वी भोजराज. गेल्या पावसाळ्यात वीज पडली आणि कॉम्प्युटरही जळला. डिस्क तेवढी वाचली. ताईंनी ती भोजराजच्या मफलरात गुंडाळून आणली होती.

माझ्या पाटीवर ‘डेटा रिकव्हरी’ असं लिहिलंय. शेजारच्याने लिहिलं म्हणून मीही लिहिलं. अर्जुनीत पहिला कॉम्प्युटर क्लास मी काढला, तेव्हापासून लहानथोर सगळे मला सर म्हणतात. एकदा सर झालं की ‘मला येत नाही’ म्हणायची सोय राहत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

माझ्याकडची केबल लॅपटॉपच्या लहान डिस्कची होती. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळी वीज लागते, हे मला आठवलं, पण उशिरा. मग एका भंगार कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढला, तारा जोडल्या. डिस्क घरघरली. तार ढिली होती, वीज दोनदा तुटली, दोनदा मी ती तशीच खुपसली. तिसऱ्यांदा लॅपटॉपने विचारलं, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

दिवसभर माझ्याकडे व्हायरसने भरलेले पेनड्राइव्ह येतात. लॅपटॉप हेच विचारतो, मी हो दाबतो आणि नवी गाणी भरून देतो. बोटाला तीच सवय. बोटाने हो दाबलं.

चार सेकंद लागले. पडद्यावर कोरी पांढरी खिडकी उघडली. मी लॅपटॉप मिटला.

“काय झालं जी?”

“डिस्क मेलेलीच होती, ताई,” मी म्हणालो. “विजेनं आतून जळली.”

खोटं इतकं सहज तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं. ताईंनी मफलराची घडी केली.

“मंग राहू द्या तुमच्यापाशीच. मी नेऊन काय करू?” उठताना त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. “घरच्या झाडाचे जाम आहेत. तुम्ही मेहनत त केली नं जी. जयभीम.”

मी जयभीम म्हणालो आणि पिशवी ठेवून घेतली. लाज वाटली, पण ती परत करायची हिंमत झाली नाही. जाम बायकोने खाल्ले, गोड आहेत म्हणाली. मी एकही खाल्ला नाही.

चार दिवसांनी एका किराणावाल्याला दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी जुनी मोठी डिस्क हवी होती. मी ड्रॉवर उघडला. डिस्क हातात घेतली, तर तिच्यावर स्केचपेनने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं : माय. ‘नाही माझ्याकडे’ म्हणून त्याला वाटेला लावलं आणि मोनालीला फोन केला.

मोनाली माझीच विद्यार्थिनी, आता गोंदियात हेच काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

“सर, सच बोला. यस दाबलं ना तुम्ही?”

“दाबलं.”

“उसके बाद कुछ भरा तो नहीं ना त्याच्यात?”

“नाही.”

“मग होईल काहीतरी. भरलं असतं त खतम होतं.” तिने स्वतःचा प्लग असलेली केबल काढली. आधी वीज, मग लॅपटॉप. लॅपटॉपने काहीतरी विचारलं, तिने नाही म्हटलं. आधी सगळ्या डिस्कची नक्कल केली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवली. शोधाशोध नकलेवर. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. ज्या पोरीला मी माउस धरायला शिकवलं, तिच्यापुढे मान वर करवत नव्हती.

चौदा गाण्यांतली पाच मिळाली. तीही तुटकी.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन ताईंच्या अंगणात गेलो. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या.

“डिस्क मेली नव्हती, ताई,” मी उभ्याउभ्याच म्हणालो. “मीच पुसली. चुकून. आणि मग खोटं बोललो.”

सूप थांबलं.

“काऊन बोलले जी खोटं?”

मी लॅपटॉप उघडला. सूप खाली ठेवून त्या समोर बसल्या. मी पहिली फाइल लावली. कलाबाईचा आवाज आला, खणखणीत, मध्ये खरखर. गाणं अर्ध्यावर तुटलं आणि भोजराज बोलला, अगदी शेजारी बसल्यासारखा :

“थांब माय. सेव्ह करून घेतो पयले. सर म्हणतात, एकेक गानं झालं का सेव्ह करा, नाही त सारं जाते.”

पुढे खरखर.

ताईंनी पदर तोंडाला लावला. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मग त्या म्हणाल्या, “तेवढंच आणखी लावा, भाऊ.”

मी पुन्हा लावलं. आता त्या अंगणात मला सर म्हणणारा तेवढा एकच आवाज उरला होता.