पोटाखालचं कुंकू

मी माऊस बोलतोय. कॉम्प्युटरचा. काळा, वायरीचा, डावं बटण जरा झिजलेला. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका दोन खोल्यांच्या घरात खिडकीखालच्या टेबलावर असतो.

माझा जन्म लांबच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. एका बाईनं माझ्या पोटाला डोळा बसवला तेवढं आठवतं. होय, माझा डोळा पोटाखाली आहे. त्यातून तांबडा उजेड पडतो आणि त्या उजेडात मला खालचं टेबल दिसतं. मी सरकलो की टेबल मागं पळतं, आणि ते बघून मी पडद्यावरचा बाण हलवतो. म्हणजे जग मला बोटभरच दिसतं बघा. बाकीचं सगळं मी कानानं ऐकतो आणि माणसं हातावरून ओळखतो.

मला घरी आणलं नृसिंहनं. त्याचा हात जड. बटण दाबलं की टेबल हलतं. त्याची बायको इरावती, तिचा हात हलका, करंगळी हवेत. आणि तिसरा हात आजीचा, म्हणजे नृसिंहच्या आईचा. झुंबरबाई तिचं नाव. भाकरी थापून थापून तळवा रुंद झालेला, बोटांची टोकं तव्यानं भाजून भाजून टणक, पण ऊब अशी की थंडीत मला तोच हात हवासा वाटतो.

आजी शाळेत कधी गेलेली नाही. दुपारची भांडी झाली की इरावतीच्या मागं येऊन उभी राहायची. एक दिवस इरावती म्हणाली, "आत्ती, धरून बघा की. चावत न्हाय त्यो." ती सासूला आत्ती म्हणते.

"चावंना का. म्हशी धरल्यात मी," आजी म्हणाली, आणि मला टेबलावरनं उचलून पडद्यासमोर धरलं.

"उचलू नका, सरकवा!"

"मग तसं सांग की. ह्ये तर देवळातल्या कासवागत हाय. जमिनीला पोट लावून बसलेलं."

त्या दिवसापासून मी तिचं कासव झालो. अक्षर तिला येत नव्हतं, पण ठिपका येत होता. पडद्यावर ती ठिपके द्यायला लागली. आधी वाकडेतिकडे, मग ओळीत. ठिपक्याला ठिपका जोडला आणि महिन्याभरात कागदावर मावेल अशी रांगोळी उठली. वेल, कमळ, मध्ये गोपद्मं. इरावती बघतच राहिली. तिनं ती रांगोळी जपून ठेवली.

इरावती घरी बसून पत्रिका बनवायची. म्हणजे बनवायला निघाली होती. नात्यातल्या एका बारशाचं आमंत्रण सोडलं तर बाहेरचं काम आलं नव्हतं. नृसिंह एकदा जेवताना म्हणाला, "दसऱ्यापर्यंत बघ. एक काम तरी बाहेरचं धड पार पडलं तर कर पुढं. न्हायतर त्या शाळेच्या ऑफिसात जागा हाय, तिथं जा." बोलला सरळ मनानं, पण त्या दिवशी इरावतीचा हात माझ्यावर नुसताच पडून राहिला.

आणि दसऱ्याला चार दिवस असताना काम आलं. गगनबावड्याहून विजयसिंह नावाचे एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न. दसऱ्याच्या सकाळी पहिली पत्रिका अंबाबाईच्या पायाशी ठेवायची आणि मग बाकीच्या छापायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. इरावतीनं पत्रिका मांडली, कडेला आजीची रांगोळी बसवली. मी तीन दिवस नुसता पळत होतो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारं धुऊनपुसून पूजतात, दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आजीनं पाटावर विळी ठेवली, सुरी ठेवली, नृसिंहचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर ठेवले, आणि शेजारी मला ठेवलं. शेपूट नीट गुंडाळून. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. माझ्यापाशी आली आणि जरा थांबली. मग तिनं मला उलटं केलं. कुंकवात बुडवलेलं ओलं बोट माझ्या डोळ्यावर टेकवलं, भरपूर, मायेनं. वर एक अक्षता चिकटवली. मला काही दिसेना. मला वाटलं, देवापुढं डोळे मिटायचे असतात, तसं असेल.

दसऱ्याच्या सकाळी सातलाच विजयसिंह दारात.

"ताई, नऊच्या आत रांगंत उभं राहायला पायजे. न्हायतर सांजपातर नंबर लागत न्हाय."

इरावतीनं आदल्या दिवशी काढून ठेवलेली पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली. परत वाचली. मग त्यांचा आवाज बारीक झाला.

"आक्काचं नाव कुठं हाय?"

"तुम्ही दिलेल्या कागदावर नव्हतं की."

"मीच इसरलो जणू. ताई, आई गेल्यावर आक्कानं मला वाढवलं. तिच्या नावाबिगर देवीम्होरं कसा ठेवू कागद? तिला कळलं तर ती लग्नाला पाय ठेवायची न्हाय."

"थांबा, दोन मिनटांचं काम हाय."

आजीनं नमस्कार करून पूजा हलवली, इरावतीनं मला वरवर पुसून जोडलं. अक्षता गळून पडली. इरावतीनं मला सरकवलं. बाण जागचा हलेना. बटण दाबलं तर टक् वाजलं, काम झालं. पण बाण आपला पडद्याच्या मधोमध उभा. मी काय करणार? खाली टेबल आहे की आड आहे, तेच कळेना.

मग सुरू झालं. नृसिंहनं माझं शेपूट उपटलं, फुंकर मारली, दुसऱ्या भोकात खुपसलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. माझ्याखाली वर्तमानपत्र घातलं, वही घातली, शेवटी स्वतःच्या मांडीवर घासून बघितलं. पुण्यातल्या भावाला, धवलला, फोन लावला.

"बंद करून चालू केलंस का?"

"केलं."

"परत कर."

"आरं दोनदा केलं!"

"मग आपट जरा हळूच."

हे मात्र त्यानं मनापासून केलं. तीनदा आपटलं. मला उलटं करून बघितलं, पण तांबड्या कुंकवातनं तांबडाच उजेड येत होता, त्याला काय कळणार? "दिवा बारीक झालाय ह्याचा. गेला ह्यो. टाक भंगारात."

"नवीन आणा की."

"दुकानं पूजा करून उघडणार. दहा तरी वाजतील."

इरावतीनं की-बोर्डवरच जमतंय का बघितलं. नाव टाइप झालं, पण त्या रांगोळीच्या आत, बरोब्बर जागी ते बसेना. साडेआठ वाजले. विजयसिंह उठले. "ऱ्हाऊ दे ताई. तुमची चूक न्हाय. मी स्टँडाकडं एखादी प्रेस उघडी हाय का बघतो, नव्यानंच करून घेतो."

 इरावतीचा हात माझ्यावर होता, गार पडलेला. दसरा आला होता आणि काम दारातनं परत चाललं होतं.

आजी आत कढईपाशी होती. 'दिवा बारीक झालाय' एवढं तिच्या कानावर गेलं असणार. झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. ती येऊन उभी राहिली, आणि घरात कधी बोलत नाही तेवढ्या हळू म्हणाली, "दिवा न्हाय गेला. मी कुंकू लावलंया माझ्या कासवाला."

"कुठं?"

"पोटाला. ज्योत हाय तिथं. गेल्या साली पाठीवर लावलं, तर इराच्या हाताला लागलं आणि बारशाच्या कागदावर बोट उमटलं. आठ कागद फुकट गेलं. म्हणून म्हटलं, ह्या खेपंला हात लागत न्हाय तिथं लावावं. तिचं बाहेरचं पहिलं काम हाय."

"आई, तुला किती येळा सांगितलं, त्याला—"

"आवो, थांबा," इरावती म्हणाली. नवऱ्याचं बोलणं असं मध्येच तोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दारातनं विजयसिंह हसायला लागले. "मावशी, आमच्यात एकानं ट्रॅक्टरच्या दिव्याला लावलंतं. चार दिस म्हशी बुजत हुत्या!"

आजीनं निरांजनासाठी वळलेली कापसाची वात आणली. टोक जिभेवर ओलं केलं. मला तळव्यात उताणं धरलं आणि लेकराच्या डोळ्यातली घाण काढावी तसं हलक्या हातानं, कोपऱ्या-कोपऱ्यातनं कुंकू टिपून घेतलं. आधी नुसतंच लाल. मग धूसर. मग एकदम तिच्या पुसणाऱ्या हातावरची रेघ दिसली. आयुष्यरेघ का कुठली ते मला ठाऊक नाही, पण लांबलचक होती.

टेबलावर ठेवलं, आणि मी पळालो. बाण असा सुटला की इरावती हसली आणि रडलीही. आक्काचं नाव सगळ्यांच्या वर बसलं. नवाला दहा कमी असताना पत्रिका छापून बाहेर आली.

विजयसिंहांनी ती दोन्ही हातांत धरली. "रांगोळी कुणाची म्हणायची ही?"

"ह्यांचीच," इरावती म्हणाली. "आत्तींची."

"मग मावशी, लग्नाला यायचं. ह्ये पुजलेलं कासव पण घिऊन या!"

पुढं गगनबावड्यात त्या पत्रिका वाटल्या गेल्या, आणि पाठोपाठ तिकडून आणखी तीन लग्नं आली. शाळेच्या ऑफिसातल्या जागेचं नाव परत कुणी काढलं नाही. नृसिंहनं बिनवायरीचा नवा माऊस आणला. इरावतीनं तो ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाली, "ह्यो बिघडंल तवा काढू."

आता मी म्हातारा झालोय. एकदा दाबलं तर कधी दोनदा वाजतो, वायर मानेपाशी सुटायला आलीय. तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद असेल. तो अडला तर आपटू नका हो. आधी उलटा करून त्याच्या डोळ्यात बघा. केस असेल, धूळ असेल, नाहीतर कुणाची माया असेल. कापसानं निघते.

यंदाच्या खंडेनवमीला आजी ताट घेऊन माझ्यापुढं आली. बोट कुंकवात बुडवलेलं, पण तसंच हवेत राहिलं. "नको बाई," ती म्हणाली, "ह्याला लांबनंच नमस्कार करते."

इरावतीनं तिचं मनगट धरलं आणि ते बोट माझ्या पाठीवर टेकवलं. मधोमध.

दसऱ्याच्या सकाळी इरावती कामाला बसली. तिच्या हलक्या तळव्याला तो ठिपका लागला, मला कळलं. आजीनं लगबगीनं फडकं पुढं केलं.

"ऱ्हाऊ दे की आत्ती," ती म्हणाली, आणि मला सरकवलं.