शीलाचा अर्ज

मी एक जुना टाइपरायटर आहो, मित्रांनो. अंगावर सारी एबीसीडी हाय, पण वाचता मले एक अक्षर येत नाही. लोकं जे ठोकत गेले, ते मी कागदावर उठवत गेलो. माह्या बोलण्यात चुका निघन, तं हसा. पण ऐकून घ्या.

जन्म विलायतेतला म्हणतात. मले आठवते ते नागपूरचं सरकारी हापीस. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून भोपाळले गेली, अन् आमच्यासारखा जुना माल लिलावात निघाला. बालाघाटच्या दुलीचंदनं मले उचललं, गोणपाटात गुंडाळलं, अन् छोट्या रेलगाडीत साऱ्या रस्त्यानं मांडीवर घेऊन बसला. मांडीवर मले त्याच्या पहिले कोणी घेतलं नव्हतं.

दुलीचंद कचेरीसमोर निंबाखाली बसून लोकायचे अर्ज टाइप करे. किरनापूर, परसवाड्यावरून माणसं येत. कोणाच्या जमिनीचं भांडण, तं कोणाची बैलबंडी जंगलवाल्यानं धरलेली. दुलीचंद हुंकार देत ऐके. मंग पहिली ओळ ठरलेली, गरीब अर्जदार हात जोडून विनंती करते. शेवटची ओळ, हुजुरांच्या दयेची आस हाय. वरून कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं का झालं.

"दुलीचंदभाऊ, तुह्या मशीनचा आवाज ऐकला का साहेब पाघळते," असं लोकं म्हणत. मी आपला फुगून जाओ.

त्याची एकुलती एक पोरगी शीला. नागपुरात गणिताची एमएससी होऊन घरी आलती. आता तिले अमेरिकेत शिकाले जाचं होतं. खर्च तिथलीच युनिव्हर्सिटी देणार होती, पण अर्ज पसंत पडला तं. विषयाचं नाव ऑपरेशन्स रिसर्च. तिची आई शेवंताबाई तांदूळ निवडता निवडता विचारे, "त्यात शिकवतेत तरी काय वं?"

"आई, धानाच्या गिरणीपुढं बंड्या उभ्या राह्यतात ना? कोणती आधी घेतली तं साऱ्यायले कमी थांबा लागन, हे गणितानं काढाचं."

"त्याच्यासाठी अमेरिका? जाय ना, गिरणीच्या मुनीमाले सांग!"

"गेलती. त्यानं हाकललं."

"अन् तो महागू गाडीवाला काय म्हणत होता मले? तुमची शीला गिरणीपुढं बैल मोजून राह्यली का नवरा पाहून राह्यली?"

शीला हसली, पण डोळे कुठं हसले? ती दूर, कुठंतरी पाहून राह्यलती. तशी नजर मी लोकायची लय पाह्यली, निंबाखाली.

युनिव्हर्सिटीनं मागतलं होतं का तुमाले हे काहून शिकाचं, ते आपल्या शब्दात लिहा. दुलीचंद म्हणे, "ते माह्यावर सोड. माह्या हातचा अर्ज असा तसा नसते." नवी रिबन टाकली, मले तेल दिलं, अन् जिंदगीतला सर्वात सुंदर अर्ज ठोकला. एक खाडाखोड नाही.

शीलानं वाचला. मंग म्हणे, "बाबा, हे तं कोर्टाचं झालं. गरीब अर्जदार, हात जोडून..."

"मंग? मोठ्या लोकायले असंच लिहा लागते."

"मले दया नाही मागाची, बाबा. मले काय येते ते सांगाचं हाय."

दुलीचंदचं तोंड एवढुसं झालं. माहंही झालं. दोघायनं जिंदगीभर एकच काम केलतं, मागाचं. सांगाचं कसं, हे आमाले कोणी शिकवलंच नव्हतं.

तिनं स्वतः टाइप केलं, तोंडानं बोलत, एकेका बोटानं. बंड्या, बैल, मुनीम, सारं त्यात आलं. मी तिची एकेक ओळ जपून उठवली.

"शेवटी दयेची एखादी ओळ तरी टाक वं," दुलीचंद म्हणे.

"नाही, बाबा."

"बरं." पण ती आत पाणी प्याले गेली, तं पठ्ठ्यानं गुपचूप कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं अन् लिफाफा बंद केला. तिकिटाबिगर अर्ज कोण ऐकते, हा त्याचा हिशेब!

महिने गेले. पोस्टमन दिसला का घर दारात धावे. मंग उत्तर आलं, जागा भेटली होती! खाली एका प्रोफेसरानं विचारलं होतं, अर्जावरचं ते तिकीट कायचं? शीलानं बापाकडं पाह्यलं. बाप खोकत खोकत अंगणात गेला.

ती गेली. तिकडं शिकली, तिकडंच शिकवाले लागली. पत्रं येत, पण पत्रात माणूस मावते का?

दुलीचंद आता कचेरीत जात नाही. मले शेवंताबाईच्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवलं हाय. कधी कधी तो गाठ सोडते, कोरा कागद लावते, वर शीलाचं नाव पुटपुटत टाइप करते अन् बसून राह्यते. सुकल्या रिबनीतून नाव फिकं उठते. शेवंताबाई चुलीपासून म्हणते, "लिहा ना, एक डाव येऊन जाय म्हणून! काहून नाही लिहत?"

"काहून का, म्या मागतलं तं ती सारं टाकून येईन."

अन् कागद काढून घेते. त्याचा हा एक अर्ज नक्की मंजूर होणार, म्हणून तो कधीच लिहत नाही.

मित्रांनो, जुन्या मशीनले तेल द्या, धूळ पुसत जा, हे तं मी सांगीनच. पण तुमच्या घरी कोणी असं कोऱ्या कागदासमोर बसत असन, तं त्याच्या मागण्याची वाट नका पाहू. गाडी पकडा.