उलट्या पायडलचा ब्रेक

सासऱ्यांची जुनी सायकल मेव्हण्याच्या दुकानात उभी होती आणि तिला कोणते इंजिन जोडावे, या विवंचनेने माझे अंतःकरण ग्रासले होते. माझी पत्नी टेकडीवरील इस्पितळात परिचारिका आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तिला चढ झेपेनासा झाला. तथापि वडिलांच्या सायकलीवाचून अन्य वाहन तिला नको होते.

दुकानात दोन संच होते. एकाचे दणकट इंजिन साखळीने मागचे चाक ओढणार. दुसऱ्याचे चिमुकले इंजिन पुढच्या चाकावर रबरी रूळ घासून ते फिरवणार.

“भावोजी, हे छोटं म्हणजे केस वाळवायचं यंत्र,” मेव्हणा हसला. “ताईला टेकडी चढायचीय ना?”

“पण मोठ्याचा वेग?”

“माझ्या सायकलीला तेच आहे. एक चक्कर मारा, मग बोला.”

पत्नी शेजारीच उभी होती; तिच्या देखत नकार देववेना. मी निघालो. टेकडी चढून परतीचा उतार लागताच इंजिनाने घोर आक्रोश आरंभिला. तोच वळणावर समोरून पाण्याचा टँकर प्रकटला. माझ्या पायांनी अनेक वर्षांच्या सवयीने पायडल उलटे दाबले; सासऱ्यांच्या सायकलीचा ब्रेक तसाच लागतो. येथे पायडल नुसतेच गरगरले. ब्रेक हातापाशी आहे, हे मला भिंतीवर खांदा सोलवटल्यानंतर स्मरले.

मी सायकल ढकलीत परतलो.

“अहो, रक्त येतंय!” पत्नी किंचाळली.

मी मेव्हण्यास विचारले, “मोठं इंजिन बसवलंस तर उलट्या पायडलचा ब्रेक राहील?”

“नाही. मागचं चाकच बदलावं लागतं. पण हाताचे ब्रेक देतो की. सवय होईल ताईला.”

“आणि सवय व्हायच्या आधी टँकर आला तर?”

मेव्हण्याने माझ्या खांद्याकडे पाहिले आणि मोठा संच बाजूला सरकवला.

“छोटंच बसव रे,” पत्नी म्हणाली.

“चढावर धापा टाकेल ते. पायडल मारावं लागेल.”

“मारीन थोडं.”

छोटे इंजिन बसवल्यावर पहिल्या दिवशी ती कामावरून परतण्याच्या सुमारास मी त्या वळणावर जाऊन उभा राहिलो. ती भरधाव आली, मला पाहून दचकली, पायडल उलटे दाबून जागीच थांबली.

“अहो, उतार मला पाठ आहे. पण तुमचं ते तोंड बघितलं की धडकी भरते. उद्यापासून घरी थांबायचं.”

मी मान्य केले. दुसऱ्या दिवशी घरीच थांबलो. रस्त्यावरून वाहन गेले की श्वास रोखून ऐकत होतो. आणि काहीच गेले नाही की अधिकच भीत होतो.