पान उलटण्याआधी

क्लिप सुटत नव्हती. नव्या पुस्तकाच्या कच्च्या प्रतीची पानं धरून ठेवणारी ती काळी क्लिप तिने अंगठ्याने दाबली, सोडली, पुन्हा दाबली... वाचनालयाच्या बालविभागातल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली ती, समोर सतरंजीवर चुळबुळणारी दहाबारा पोरं, आणि त्यांच्या मागे कपाटाला टेकून तिची लेक. काल हसलेली.

हसली होती, हे खरंच. पुस्तकात गेंडा जेवायच्या खुर्चीवर बसतो, पुढच्या पानावर नुसतं ‘कर्र्र’, आणि त्यापुढच्या पानावर खुर्चीच गेंड्यावर बसलेली — आजवर तिने लिहिलेलं, रंगवलेलं प्रत्येक पुस्तक आधी लेकीच्या हसण्यावर पास झालं होतं, संपादकबाईंचं काय ते नंतर. पण काल लेक ‘कर्र्र’वरच हसली. पान उलटायच्या आधी! म्हणजे टेबलावरची प्रत तिने गुपचूप वाचली होती, आणि ते हसणं... ते आईला वाढलं होतं, पाहुण्याला आग्रहाने वाढावं तसं. नऊ वर्षांची पोर आईचं मन राखायला कधीपासून लागली? याच पुस्तकापासून, की आधीच्या दोन पुस्तकांपासून? मग ती दोन्ही... सकाळपासून जिवाला चैन नव्हतं. दूधही उतू गेलं होतं.

“मावशी, वाचा ना,” पुढ्यातला एक जण म्हणाला.

क्लिप एकदाची निघाली. तिने वाचलं. गेंड्याचा घोगरा आवाज काढला, खुर्चीचा किनरा. ‘कर्र्र’ आलं, तेव्हा एका चिमुरडीने काळजीने विचारलं, “खुर्चीला लागलं का?” कुणी हसलं नाही. उलटावं पान, की इथेच... आणि पोरांच्या मागून ते हसणं आलं — एकटं, मोठ्याने, पुन्हा वेळेआधीच.

तिने मान वर केली. लेक पुस्तकाकडे बघतच नव्हती. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, टक लावून — इतकी वर्षं पानं उलटताना आई तिच्या चेहऱ्याकडे बघत आली होती ना, अगदी तशीच. हसू उमटतंय का, ते शोधत.

राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली, आणि त्या लाजेखाली काहीतरी ऊबदार, जे तिला नको होतं. पान तिच्या बोटांत अर्धवट उभं राहिलं. पोरं वाट बघत होती, आणि आपल्या चेहऱ्यावर आता काय उमटलं असेल, हे काही केल्या तिला कळेना.