चोख वासाचा पंप

तवनाप्पांनी चार वर्षांत पहिल्यांदा मोटरचं बटण दाबलं आणि मनाशी ताळा जुळवला. आज तपासणी. मोटर बंद सापडली तर पेट्रोल पंपाला सील. म्हणजे एक दिवस ती चालवायची, सील चुकवायचं, तपासणी झाली की पुन्हा बंद.

गाडीत पेट्रोल भरताना उडणारी वाफ ही मोटर नळीतून माघारी ओढून घेई. पण कसबा बावड्याच्या गिऱ्हाइकांना ती नळी बघवत नसे. "घातलेलं पेट्रोल परत वडतोय की ह्यो!" म्हणत ती समोरच्या पंपावर जायची. मोटर बंद केली, आवारभर वास सुटला आणि तवनाप्पांचं नाव झालं. वास येतो तिथं माल चोख!

तपासणीचे साहेब अकराला आले. घुमणाऱ्या मोटरला हात लावून त्यांनी नळी चाचपली. तवनाप्पांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. तेवढ्यात हंबीररावांची बुलेट आत शिरली.

"झिरो बघा, मामा," क्रांती म्हणाली. चार वर्षं ती याच मशीनवर पेट्रोल भरत उभी होती.

हंबीररावांनी झिरो बघितलाच नाही. नाक वर करून हुंगलं.

"तवनाप्पा, आज वास कसा न्हाय? रोज डोळ्यात पाणी येतंय तुझ्यात! भेसळ-बिसळ केलास काय?"

साहेबांचं पेन थांबलं. इतक्या वर्षांची जाहिरात नको त्या माणसापुढं झाली होती.

"काय हो बाई," साहेब क्रांतीकडे वळले, "रोज वास येतो इथं?"

क्रांतीनं नोझल अडकवलं. फडक्याला हात पुसले. तवनाप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"मला न्हाय येत, साहेब."

साहेबांनी मोटरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि सही केली.

हंबीरराव कुरकुरत गेले, मागोमाग साहेबांची गाडीही वळणाआड झाली. तवनाप्पांचा जीव भांड्यात पडला. हात आपसूक बटणाकडे गेला.

"राखलीस बघ पोरी! काय बेमालूम खोटं बोललीस!"

"खोटं कशाला बोलू, अण्णा?" क्रांती पुढच्या गाडीचं झाकण उघडत होती. "दिवाळीपासनं मला कसलाच वास येत न्हाय. काल दूध करपून कोळसा झालं. शेजारीण पळत आली, तवा कळलं. झिरो बघा, दादा."

तवनाप्पांचं बोट बटणावर तसंच राहिलं. ताळा तर बिनचूक जुळला होता. सील नाही, दंड नाही, गिऱ्हाईक शाबूत. त्या वासाची किंमत चार वर्षं भरत आली होती ती एकटी क्रांती, आणि आत्ताही भरतच होती.