वारेची पट्टी

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम दारात उभा करत नाही. फडात कापलेला माझा पाय दोन हंगाम चिघळत होता. गाड्या निघायच्या आत तो भरला नाही, तर माझा नवरा अजिनाथ दुसरी जोडीदारीण बघणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी जखमेवर जिवंत पट्टी लावली. सायीसारखी, ओलसर. "यातल्या पेशी जिवंत आहेत," त्या कौतुकाने म्हणाल्या. "बाळंतिणीच्या वारेच्या पडद्यापासून बनवलीय. पाय टेकवू नका, पट्टीला हात लावू नका. तीच जखम भरून आणेल."

शेजारी माझी सासू रतनबाई बसली होती. तिला पेशी कळल्या नाहीत, वार मात्र बरोबर कळली.

"आपन वार पुरतो," शेवगावच्या एस्टीत ती म्हणाली, "आन् तू पायाला बांधून घरात आनतीस? पट्ट्या सुटंस्तोवर सोयर पाळायचं."

घरात ना बाळ ना बारसं, आणि मला सोयर! ओसरीवर बसायचं, चुलीला शिवायचं नाही. मला हसूच आलं. लग्नापासून पहिल्यांदा आयतं जेवण मिळणार होतं. स्वयंपाकाला सासूने तिची भाची आणली, मोनिका. नवऱ्याने टाकलेली, अंगाने काटक. पोरगी वाईट नव्हती. माझं ताट लांबूनच सरकवायची, पण गरम वाढायची. अजिनाथचं ताटही तीच वाढायची.

बसून राहिल्याने असेल, पट्टीने असेल, पाय भरत आला. नगरला जाऊन पट्टी बदलली की कडेची गुलाबी कातडी आणखी आत सरकलेली दिसायची. त्या कधी न पाहिलेल्या बाळंतिणीला मी मनातल्या मनात हात जोडायचे.

शेवटची पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हौसेने पायाचा फोटो काढला. मी स्टँडपासून घरापर्यंत चालत आले. कुणाचा हात धरला नाही.

दारात ट्रक भरत होता. वर, आमच्या गाठोड्यांवर, मोनिका बसली होती. शेजारी अजिनाथ दोर आवळत होता.

"पाय भरला," मी अजिनाथला म्हणाले. "तिला खाली उतरव."

"मुकादमाकडं जोडीला तिचं नाव लावलंय आता," सासूच बोलली. "सोयरातल्या बाईची वाट बघत बसायचं व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या ओठावर आल्या, तेवढ्यात आमचा मुकादम, कारभारी, मध्ये पडला.

"वैनी, रागावू नका. पाथर्डीकडचा गहिनीनाथ हाय, बायको वारली त्याची. अर्धाच कोयता ऱ्हायलाय. तुमी त्याच्या जोडीला चला."

परक्या माणसाच्या जोडीला, त्याच्या खोपटात! मला वाटलं, आता अजिनाथ त्याची गचांडी धरणार. तो खरंच ट्रकवरून उतरला. माझ्यापुढे बसला, माझा पाय हातात घेतला आणि नव्या कातडीवर अंगठा दाबला.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"चालंल की मग," तो कारभारीला म्हणाला.