गाडीवरची शेड

महामार्गात जमीन गेली आणि मोबदला आला, तेव्हा गावात कोणी दुमजली बंगला बांधला, तर कोणी काळी गाडी घेऊन रोज शहापूरला नुसता चहा प्यायला जाऊ लागलं. अनंताने मात्र चाकांवरचं घर आणलं. मुंबईच्या कुठल्याशा शेठने विकायला काढलेली ती बस. आत पलंग, ओटा, संडास सगळं होतं, आणि दाराजवळ एक बटण. बटण दाबलं की गाडीच्या कुशीतून अख्खी खोली घुर्र करत बाहेर सरकायची, कपाटाचा खण ओढावा तशी. पहिल्या दिवशी गावाने हे बटण इतकं दाबलं की बॅटरीच उतरली.

"घर सोडून घरात राहायला निघाला," म्हणत लोक हसले. अनंताची बायको प्रेमा तेवढी हसली नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर बाईजा उभी राहिली होती.

बाईजा तिची थोरली बहीण, माळशेज घाटापलीकडे ओतूरला दिलेली. घर दोन खोल्यांचं, आणि सासू अशी की ऐंशी उलटली तरी जीभ शाबूत. पाहुणी उंबऱ्यात दिसली की म्हातारी आधी विचारणार, "परतीची गाडी कितीची?" बाईजाला तर ती एक रात्रही कुठे सोडत नसे. त्यामुळे लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी एका छपराखाली कधी निजल्या नव्हत्या. प्रेमाने ती सरकती खोली पाहिली आणि तिथल्या तिथे ठरवलं, हे घर बाईजाच्या दारात नेऊन उभं करायचं. कोणाचं देणं ना घेणं, आपल्या पलंगावर आपल्या बहिणीला घेऊन पडायचं आणि आई गेल्यापासूनची सगळी वर्षं बोलून काढायची.

अनंताही म्हणाला होता, "दसऱ्याला जाऊ गो. तुज्या बहिणीच्या दारात तुजं घर लावतो." ते वाक्य प्रेमाने पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

आषाढ लागला आणि खोली गळू लागली. बाहेर आलेली खोली आणि गाडी यांच्या मधल्या फटीला रबराची पट्टी होती, ती जुनी होऊन कडक झाली होती. खोलीच्या डोक्यावर साचलेलं पाणी त्या फटीतून थेट पलंगावर उतरायचं. अनंताने डांबर लावून पाहिलं, सायकलची ट्यूब चिरून कोंबली, वर ताडपत्री टाकून दगड ठेवले. पाणी प्रत्येक वेळी नवी वाट काढून आलंच.

"अवो, खोली आत घ्या ना," प्रेमा म्हणाली. "शेठचा ड्रायव्हर सांगून गेला व्हता. पाऊस आला की बटण दाबा."

"आत घेऊ? मंग लोकांना दाखवू काय?"

रोज कोणी ना कोणी बघायला येत होतं, मुरबाडहूनसुद्धा. खोली आत असली की ती बस होती, आणि बस काय कोणीही पाहिलेली असते.

शेवटी अनंताने किशोरला बोलावलं. किशोरचं शहापूरला पत्र्यांच्या शेड मारायचं काम. आमच्या भागात स्लॅब गळायला लागला तर स्लॅब कोणी दुरुस्त करत नाही, त्याच्यावर पत्रे मारतात. पत्रे गळायला लागले तर त्यांच्यावर आणखी थोडे उंच पत्रे. छपरावर छप्पर हाच आमचा धर्म, आणि किशोर त्याचा भटजी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "शेड टाका, अनंतादादा."

शेड झाली. निळे पत्रे, लोखंडी खांब. चार दिवस बरे गेले, मग पाऊस आडवा आला. तेव्हा तीन बाजूंनी पत्रे लागले. खाली चिखल होतो म्हणून कोबा केला. ओलीत टायर कुजतील म्हणून चाकं काढून गोठ्याच्या माळ्यावर ठेवली आणि गाडी चिऱ्यांच्या जोत्यावर बसवली. चौथी बाजू उघडी राहिली होती, तिथे पन्हाळीचं पाणी अडवायला कठडा बांधला. प्रत्येक काम एकेकटं पाहिलं तर शहाणपणाचंच होतं.

कठडा बांधला त्या दिवशी प्रेमा कठड्याशी येऊन उभी राहिली. "भावजी, मंग गाडी भायेर निघंल कशी?" तिने किशोरला विचारलं.

"निघंल कशाला, वहिनी?" किशोरला खरंच कळेना. "आता एक थेंब येत नाय."

नवरात्रात अनंताने दाराशेजारी पाटी ठोकली. 'प्रेमा निवास'. शहापूरहून मुद्दाम रंगवून आणली होती, आणि बायको खूश झाली की नाही हे तो तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

"दसरा आला," प्रेमा म्हणाली.

"या वर्षी ऱ्हाऊ दे ना. एवढी झ्याक शेड झाली, ती तोडायची? लोक शेण घालतील तोंडात. त्यापेक्षा बाईजालाच बोलव इकडं."

प्रेमाला असा राग आला की हातातलं ताट आपटावंसं वाटलं. हा माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण त्याने तिच्याच नावाची पाटी लावली होती.

दसऱ्याला उजाडताच परतीचा पाऊस बदाबदा कोसळत होता. अनंताने दाराला घर म्हणून तोरण बांधलं आणि स्टिअरिंगला गाडी म्हणून झेंडूची माळ घातली. लिंबू चाकाखाली ठेवायचं, तर चाकंच नव्हती. तो लिंबू हातात धरून विचार करत उभा होता, तेव्हा प्रेमा त्याला न सांगताच पिशवी घेऊन निघाली. पिशवीत एक लुगडं आणि आपट्याची पानं. दसऱ्याचं सोनं द्यायला आलेल्या बाईला कितीही खाष्ट म्हातारी असली तरी दारातून परत लावत नाही. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं आपल्याला सुचली नाही, घरच न्यायला निघालो होतो, याचं तिचं तिलाच हसू आलं.

शहापूरहून ती मुरबाडला आली आणि तिथून घाटाची एसटी धरली. खिडकीची काच अर्ध्यात अडकली होती. वैशाखरे मागे पडलं, घाट लागला आणि पाणी सरळ आत येऊ लागलं.

"मावशी, हिकडं सरका, भिजताय," कंडक्टर म्हणाला.

"भिजू दे," प्रेमा म्हणाली आणि कड्यावरून पडणारं पाणी बघत तिथेच बसून राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. अनंता होता, आवाजात आनंद मावत नव्हता. "काय पाऊस हाय गो! पन गाडीत ये बघ जरा, एक थेंब नाय. कोरडी ठणठणीत! कुठं हायस तू?"

प्रेमाचा डावा खांदा पार भिजला होता, लुगड्याचा काठ निथळत होता.

"गाडीत हाय," ती म्हणाली.

"आपल्या?"

"नाय. चालत्या."